उड्डाणाचें पहिलें मिनिट

देवरूखाहून साखरप्यास व तेथून आंबा घाटानें कोल्हापुरास जाणाऱ्या मोटारींतून ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांस चढणीवर इंजिन बंद पडण्याचा प्रसंग वर्णन करून सांगावयास नको. गाडी धापा टाकते, एक हिसका देते आणि उभी राहते. चालक ब्रेक ओढतो, क्लीनर उडी मारून मागल्या चाकाखालीं धोंडा सारतो, उतारू खालीं उतरून दरीकडे पाहत बसतात. मग बॉनेट उघडलें जातें, कोणी झऱ्याचें पाणी आणतो, कोणी न मागितलेला सल्ला देतो, आणि तासाभरानें गाडी पुन्हां चालूं लागते. मनस्ताप झाला, उशीर झाला. पण जीव कोणाचा गेला नाहीं. इंजिन थांबलें तरी खालची जमीन गाडीला सोडून जात नाहीं.

विमानाच्या चाकाखालीं सारण्यास असा धोंडा नाहीं. हवेंत त्यास तोलून धरणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे त्याचा स्वतःचा वेग. पंखांवरून वारा पुरेशा गतीनें वाहत आहे तोंपर्यंत पंख विमानाचा भार उचलतात. ती गति एका मर्यादेखालीं गेली कीं तेच पंख नुसते पत्रे होतात. मग इंजिन चालू असो वा नसो, विमान पडतें. म्हणून इंजिन बंद पडणें आणि विमान पडणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. उंची भरपूर असेल तर बंद इंजिनाचें विमान घारीसारखें तरंगत खालीं येतें. शिकाऊ वैमानिकांच्या वापरांतलें चार आसनांचें सेस्ना १७२ हें विमान घ्या. इंजिन थांबल्यावर तें एक फूट खालीं येतांना सुमारें नऊ फूट पुढें जातें. पांच हजार फुटांवर असतां इंजिन थांबलें, तर वैमानिकाच्या हातीं सहा-सात मिनिटें असतात आणि आठ मैलांच्या टापूंतलें कोणतेंहि सपाट शेत निवडण्याची मुभा असते. तेवढ्या वेळांत तो पेट्रोलची दुसरी टांकी लावून पाहतो, इंजिन पुन्हां सुरू करण्याचा यत्न करतो आणि कित्येकदां त्यांत यशहि येतें.

ही चैन ज्या वेळीं मुळींच नसते, तो वेळ म्हणजे जमीन सोडल्यानंतरचें पहिलें मिनिट. दोन आसनांचें सेस्ना १५२ मिनिटास सुमारें सातशें फूट चढतें. म्हणजे तीनशें फुटांवर तें पंचवीस सेकंदांत पोहोंचतें. या पंचवीस सेकंदांत इंजिन पूर्ण शक्तीनें राबत असतें, विमानाचें नाक वर असतें आणि वेग पंखांना पुरण्यापेक्षां थोडासाच अधिक असतो. इंजिनाला श्रम सर्वांत जास्त त्याच वेळीं. वैमानिकाजवळ उंची आणि वेग हीं दोन्हीं भांडवलें सर्वांत तुटपुंजीं तीं त्याच वेळीं. अशा स्थितींत इंजिन थांबलें आणि नाक तसेंच वर राहिलें, तर वेग कांहीं सेकंदांतच ओसरून जातो. काय घडलें हें उमगण्यास माणसाच्या मनाला तीन-चार सेकंद लागतात. कान शांतता ऐकतात, पण मन तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीं.

आणि येथेंच मनुष्यस्वभाव घात करतो. धांवपट्टी पाठीमागें आहे, अर्ध्या मिनिटापूर्वीं तर ती सोडली. मागें वळावें आणि तिच्यावरच उतरावें, असें प्रत्येकास वाटतें. या वाटण्याचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. मागें वळणें म्हणजे १८० अंश वळणें नव्हे. तेवढें वळल्यावर विमान धांवपट्टीच्या बाजूस, तिच्याशीं समांतर येतें. तिच्यावर येण्यासाठीं आणखी वळून मग उलट वळावें लागतें. तीस अंशांच्या सौम्य कलानें हें वळण घेण्यास सुमारें पंचवीस सेकंद लागतात आणि त्यांत तीनशें ते साडेतीनशें फूट उंची खर्चीं पडते. तीनशें फुटांवर असणाऱ्या वैमानिकाजवळ ती मुळांत नाहीं. जमीन जवळ येतांना दिसली कीं हात नकळत विमान अधिक कलतें करतो आणि नाक वर ओढतो. पण कल वाढला कीं पंखांना लागणारा किमान वेगहि वाढतो. ४५ अंशांच्या कलाला तो एकोणीस टक्क्यांनीं वाढतो, ६० अंशांना एकेचाळीस टक्क्यांनीं. जेथें वेग आधींच अपुरा, तेथें त्याची मागणी वाढवावयाची, असा हा उफराटा व्यवहार आहे. एक पंख गळतो, विमान गिरकी घेतें, आणि ती सांवरण्यापुरती उंची उरलेली नसते. याउलट जो नाक ताबडतोब खालीं करून समोर, किंवा थोडें डावीकडे-उजवीकडे, मिळेल त्या जागीं विमान टेकवतो, त्याचें विमान मोडतें. पण वेग बेताचा व पंख सपाट असल्यानें आंतील माणसें बहुधा चालत बाहेर येतात. जगांतील सर्व उड्डाणशाळांत हा नियम पहिल्याच महिन्यांत शिकवितात. तरीहि दर वर्षीं तो मोडला जातो, आणि मोडणाऱ्यांत पुष्कळदां हजारों तास उडालेले जुने वैमानिक असतात.

देवरूखास विमानतळ नाहीं. पण समजुतीसाठीं कल्पना करावी कीं, तालुक्यांतील एखाद्या सड्यावरून एक छोटें विमान पश्चिमेच्या वाऱ्याच्या तोंडीं उडालें आहे. कोंकणांत धांवपट्टी करावयाची तर ती सड्यावरच होते. रत्नागिरीचा विमानतळ कातळाच्या पठारावर आहे आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं उद्घाटन झालेला सिंधुदुर्गांतील चिपीचा विमानतळहि पठारावरच आहे. सड्याची कड ओलांडतांच खालीं एकदम दरी उघडते. विमान तितकेंच चढलेलें असतें, पण खालची जमीन दोनशें फूट उतरलेली असते. उंची फुकटांत मिळाल्यासारखें वाटतें. मात्र त्या उंचीच्या तळाशीं काय आहे? काजूची झाडी, आंब्याच्या कलमांच्या बागा, वळणें घेणारा पऱ्या, कौलारू घरांची एखादी वाडी, आणि मधूनच भाताचीं खाचरें. हुशार वैमानिक या सर्वांतून खाचरच निवडील, आणि तेंहि बांधाला आडवें न जातां बांधाच्या कडेनें लांबीच्या बाजूस. मोठ्या झाडाशीं समोरासमोर गांठ पडण्यापेक्षां दोन झाडांमधून गेलेलें बरें. पंख तुटतात, पण धक्का पंखांनीं सोसलेला असतो. हा विचार इंजिन थांबल्यावर करावयाचा नसतो. धांवपट्टीवर उभें असतांनाच, वारा व भोंवतालची जमीन पाहून, तो मोठ्यानें बोलून दाखविण्याची शिस्त चांगले शिक्षक विद्यार्थ्यांस लावतात.

याच किनाऱ्यावर नव्वद वर्षांपूर्वीं एका इंजिनाच्या भरंवशावर टपाल उडत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं पस मॉथ जातीचें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर आणलें, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं पुढचें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. विमानांत रेडिओ नव्हता. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आणून टांकी भरली, असें सांगतात. जुहूचें मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळा लागला कीं तें पाण्याखालीं जाई आणि सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. १९३५ सालीं गोवा व कन्नानूर येथें थांबत त्रिवेंद्रमपर्यंतचा दुसरा मार्ग सुरू झाला, तेव्हां एक-इंजिनी विमान रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यानें उडूं लागलें. या व्यवसायाच्या पहिल्या वर्षीं १,६०,००० मैल उड्डाण झालें आणि १५५ उतारूंनीं प्रवास केला. वैमानिकांचीं नांवें इतिहासानें जपलीं. पण बोटांवर मोजण्याइतक्या मेकॅनिकांनीं त्या दमट, खाऱ्या हवेंत दररोज पहांटे तीं इंजिनें उघडून पाहिलीं, म्हणूनच हे मैल पुरे झाले. उड्डाणाच्या इतिहासांत हें पहिल्यापासूनच असें आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंनीं ज्या बारा अश्वशक्तीच्या इंजिनावर उड्डाण केलें, तें त्यांच्या दुकानांतील चार्ल्स टेलर या यंत्रकारागिरानें सुमारें सहा आठवड्यांत हातानें घडविलें होतें. त्याचें नांव आज फार थोड्यांस ठाऊक आहे.

पहिल्या मिनिटांत इंजिन थांबलें असें आपण म्हणतों खरें, पण त्या थांबण्याची तयारी बहुधा आदल्या दिवशीं, आदल्या आठवड्यांत किंवा आदल्या पावसाळ्यांत झालेली असते. सर्वांत साधें उदाहरण पाण्याचें. रात्रीं अर्धी रिकामी ठेवलेली टांकी घ्या. रिकाम्या भागांत दमट हवा असते. पहांटे गारवा पडतो, तांब्याच्या बाहेर जसें पाणी सुटतें तसें टांकीच्या आंतल्या अंगास सुटतें, आणि पाणी पेट्रोलहून जड असल्यानें तळाशीं जाऊन बसतें. विमान जमिनीवर सपाट उभें असतां तें कोपऱ्यांत निमूट राहतें. नाक वर करून विमान चढूं लागलें कीं तें टांकीच्या मागल्या तोंडाशीं येतें आणि नळींत शिरतें. जमिनीवर मजेंत चाललेलें इंजिन दोनशें फुटांवर खोकूं लागतें, त्याचें हें एक कारण. उपाय एका वाटीचा आहे. उड्डाणापूर्वीं टांकीच्या तळाची चावी दाबून थोडें पेट्रोल कांचेच्या नळींत घ्यावयाचें आणि उजेडांत धरून पाहावयाचें. पूर्वीं टांकी भरतांनाच पेट्रोल मऊ कातड्यांतून गाळून घेत.

दुसरें उदाहरण घरोघरच्या गृहिणींना परिचित आहे. खिडकीच्या कोपऱ्यांत, किल्लीच्या भोकांत मातीचें घर बांधणारी कुंभारीण माशी त्यांनीं पाहिलीच असेल. विमान चार-आठ दिवस उभें राहिलें कीं तिला टांकीला हवा पुरविणारी बारीक नळी सांपडते. त्या नळीचें तोंड बुजलें कीं पेट्रोल जितकें खर्च होईल तितकी हवा आंत शिरत नाहीं, टांकींत पोकळी होते आणि पेट्रोल वाहणें मंदावतें. इंजिन सुरू होतें, विमान धांवपट्टीपर्यंत जातें, कदाचित् उडतेंहि. वेग दाखविणाऱ्या यंत्राच्या नळींत तिनें बिऱ्हाड केलें तर वैमानिकास वेगच कळत नाहीं. चिमूटभर मातीपुढें मोठें यंत्र हतबल होतें! विमान उभें करतांना या नळ्यांवर लाल पट्ट्यांच्या टोप्या घालतात त्या याचसाठीं. आणि त्या टोप्या काढावयास विसरल्यामुळेंहि अपघात झाले आहेत.

कोंकणच्या हवेला तिसरी एक खोड आहे. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोलची वाफ होतांना हवा वीस-पंचवीस अंशांनीं गार होते. बाहेर पंचवीस अंशांची ऊब असली तरी हवेंतील ओलावा आंत गोठून बर्फ धरतो आणि इंजिनाचा घसा आंवळत जातो. मळभ, दमटपणा आणि सौम्य उष्मा, म्हणजे नेमकी कोंकणांतील पावसाळी सकाळ, या विकारास अत्यंत अनुकूल. त्यावर इंजिनाच्या उष्णतेनें तापलेली हवा आंत घेण्याची दांडी बसविलेली असते. ती ओढण्याची आठवण मात्र माणसालाच ठेवावी लागते. धांवत्या रस्त्यावर रेंगाळल्यानंतर व उड्डाणापूर्वीं ती एकदां ओढून पाहिली, तर बर्फ असल्यास इंजिनाचा सूर बदलतो व लगेच कळतें.

घाटमाथ्यावरील देशाची अडचण निराळी. तेथें घात करतो तो उन्हाळा. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून एकोणीसशें फुटांहून उंच. वैशाखांत पारा चाळीसावर गेला कीं तेथील विरळ झालेली हवा पंखांस व इंजिनास साडेपांच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. इंजिन निरोगी, वैमानिक कुशल, तरी विमान नेहमींपेक्षां पुष्कळ लांब धांवतें आणि अनिच्छेनें चढतें. अशा दिवशीं दोन उतारू व सामान अधिक घेतलें तर झाडांच्या शेंड्यांशीं गांठ पडते, आणि लोक म्हणतात, इंजिनानें दगा दिला. इंजिनानें दगा दिलेला नसतो. त्याच्याकडून मागणेंच अवाजवी असतें.

आतां यंत्रशाळेकडे वळावयास हरकत नाहीं. विमानाच्या इंजिनाचें वय वर्षांत मोजतात तसेंच तासांतहि मोजतात. सेस्ना १५२ च्या लायकमिंग इंजिनास २,४०० तास, सेस्ना १७२ च्या बहुतेक इंजिनांस २,००० तास, इतकें चालल्यावर तें सर्व सुटें करून, झिजलेले भाग बदलून, नव्यानें जुळवावें अशी कारखान्याची शिफारस असते. मधल्या काळांत दर पन्नास व शंभर तासांनीं तपासणी. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारे दोन प्लग असतात व त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटोहि दोन. एक बिघडला तर दुसऱ्यावर निभावून न्यावें, ही योजना. वैमानिक उड्डाणापूर्वीं एक-एक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडे घटणें ठीक, फार घटले तर परत फिरणें योग्य. यंत्रज्ञ प्लग काढून त्यांचा रंग पाहतो. काजळी धरलेला प्लग एक गोष्ट सांगतो, तेलकट प्लग दुसरी. दाबाची हवा सोडून सिलिंडर ती किती धरून ठेवतो हें मोजतात. तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या उन्हांत उलगडतात; त्यांत धातूची चमक दिसली तर आंत कांहीं तरी खरवडलें जात आहे. वैद्यानें नाडी पाहावी तसाच हा प्रकार. आणि कोंकणच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, रोज उडणाऱ्या विमानापेक्षां चार महिने पावसाळाभर निजून राहिलेल्या विमानाचें इंजिन अधिक संशयास्पद असतें. आंतलें तेल निथळून जातें, दमट हवा उघड्या पोलादाला लागते, आणि गंजाचे बारीक व्रण पडतात. पहिल्या उड्डाणांत तेच व्रण यंत्र कुरतडूं लागतात.

दुरुस्ती हीहि निर्धोक वस्तु नव्हे, हें सांगितलें कीं श्रोत्यांस नवल वाटतें. जें उघडलें तें पुन्हां बसविलें पाहिजे; जो नट सैल केला तो आंवळला पाहिजे; जी चिंधी नळीच्या तोंडांत कोंबली ती काढली पाहिजे. इतक्यांत जेवणाची सुटी होते, पाळी बदलते, किंवा कोणी फोनवर बोलावतें. म्हणून विमान वळविणाऱ्या व चढविणाऱ्या सांधेजोडीला हात लावला असेल, तर दोन निरनिराळ्या माणसांनीं तें काम स्वतंत्रपणें तपासून दोन सह्या कराव्या असा दंडक आहे. दुरुस्तीनंतरचें पहिलें उड्डाण उतारूंवांचून करतात, तें त्याच कारणानें. २८ जून २०१८ रोजीं जुहूहून अशाच चांचणीसाठीं निघालेलें किंग एअर सी-९० जातीचें दोन इंजिनांचें विमान परततांना घाटकोपरच्या दाट वस्तींतील एका बांधकामाच्या जागीं कोसळलें. आंतील चौघे आणि रस्त्यानें जाणारा एक पादचारी असे पांच जण मृत्यु पावले. तो अपघात पहिल्या मिनिटांतला नव्हता, आणि त्याचा दोष सरळ यंत्रशाळेच्या माथीं मारण्यासारखाहि नव्हता. पण त्या चौघांत वैमानिक दोघेच होते. उरलेली दोघें विमानाच्या देखभालीचीं माणसें होतीं. ज्या यंत्राची तपासणी केली, त्यांतच बसून तीं उडालीं होतीं.

शिकाऊ विमान कसें असावें, याचा विचार या देशांत प्रथम ज्यांनीं मूळापासून केला, ते विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील हसूरचे. जर्मनींत गॉटिंगेन येथें लुडविग प्रांटल यांच्या हाताखालीं त्यांनीं वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला, आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत एचटी-२ हें विमान निर्माण केलें. तें ५ ऑगस्ट १९५१ रोजीं प्रथम उडालें. पुढें २८ सप्टेंबर १९५८ रोजीं त्यांचें 'पुष्पक' उडालें. नव्वद अश्वशक्तीच्या या दोन आसनी विमानावर देशांतील उड्डाणसंस्थांत अनेक वैमानिक तयार झाले. नवशिक्याच्या विमानाचा पहिला गुण असा कीं, त्याच्या हातून वेग कमी झाला तरी तें एकदम उलटूं नये, आधीं थरथरून सूचना द्यावी. यंत्राला हा सौजन्याचा गुण द्यावा लागतो, तो रेखाटनाच्या पाटीवर.

आज महाराष्ट्रांत बारामतीस शिकाऊ वैमानिकांची वर्दळ मोठी. २५ जुलै २०२२ रोजीं तेथून एकटीच उडालेल्या एका तरुण विद्यार्थिनीच्या विमानाची शक्ति गेली आणि तें इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत आदळलें. ती किरकोळ जखमांवर बचावली. १९ व २२ ऑक्टोबर २०२३ रोजीं, चार दिवसांत दोनदां, बारामतीच्या परिसरांत शिकाऊ विमानें पडलीं, आणि नागरी विमानवाहतुकीच्या महासंचालनालयानें संबंधित शिक्षणसंस्थेचीं उड्डाणें थांबवून देखभालीची तपासणी लावली. अपघातांची कारणें शोधण्यासाठीं २०१२ सालापासून स्वतंत्र अन्वेषण विभाग आहे; त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात, पण ते वाचतो कोण?

देवरूखसारख्या गांवांतून एखादा मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्यास निघते, तेव्हां घरांत फीची, वसतिगृहाची, बँकेच्या कर्जाची चर्चा होते. शंभर तासांची तपासणी कोण करतो, त्याच्या हाताखालीं किती विमानें आहेत, सुटे भाग वेळेवर येतात कीं एका विमानाचा भाग काढून दुसऱ्यास लावतात, आणि विद्यार्थ्यानें "या विमानाचा सूर बरा नाहीं" म्हटलें तर त्याला शाबासकी मिळते कीं टोमणा, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. या प्रश्नांना राग न मानतां जी संस्था उत्तर देईल, नोंदवही उघडून दाखवील, तिची फी थोडी अधिक असली तरी आईबापांनीं घासाघीस करूं नये.

अशा संस्थेंत दिवस उजाडण्यापूर्वीं काम सुरू झालेलें असतें. दंवानें ओल्या गवतांत विद्यार्थी पंखाखालीं गुडघे टेकून बसतो, टांकीच्या तळाची चावी दाबतो आणि कांचेची नळी पूर्वेच्या उजेडांत धरतो. पेट्रोल निळसर दिसतें. तळाशीं पारदर्शक मण्यासारखा एक थेंब हलतो. तो नळी ओतून देतो, पुन्हां भरतो, पुन्हां उजेडांत धरतो. तिसऱ्या वेळीं मणि दिसत नाहीं. मग तो दुसऱ्या पंखाकडे जातो.